तमाशा कलावंताची मुलाखत रेकॉर्ड कशी करावी

आधी दिवस नीट निवडा. दसऱ्याला फड, म्हणजे तमाशाची मंडळं, बाहेर पडतात. मग चैत्र-वैशाखातल्या जत्रा उरकेपर्यंत कोणालाच फुरसत नसते. पावसाळ्यात माणसं घरी सापडतात. फक्त घरावर पत्रे असतील तर सर आली की थांबायचं. मी एकदा थांबलो नाही. घरी येऊन ऐकलं तर पाऊण तास नुसता ताशा!

पहिल्या भेटीत रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या. चहा घ्या. मुलाखत कशासाठी, ती कोण ऐकणार, हे सांगून होकार घ्या. पैशाचंही तेव्हाच बोला. ज्यांनी जन्मभर सुपारी घेऊन कला दाखवली, त्यांचा अख्खा दिवस फुकट मागू नये.

जाण्याआधी तमाशाचे भाग, म्हणजे गण (गणेशस्तवन), गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी संवाद), वग (शेवटचं नाट्य), एवढं तरी माहीत करून घ्या. गौळणीत मावशीचं, म्हणजे पुरुषानं वठवायच्या विनोदी बाईचं, काम करणाऱ्यालाच 'मावशी म्हणजे काय?' विचारलं, तर मुलाखत तिथंच संपली समजा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, पदराला घासणार नाही असा. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनोत तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. ऑटो लेव्हल, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद करा. बोलता बोलता हलगीवर थाप पडणारच, म्हणून आवाजाची पातळी त्या थापेवर लावा, बोलण्यावर नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव बोलून घ्या.

आता प्रश्न. 'तुमचा जीवनप्रवास सांगा' म्हटलं की सत्कारातलं भाषण ऐकायला मिळतं. त्यापेक्षा हाताचं काम विचारा. हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकून तिचं कातडं ताठ करतात. एका हलगीवाल्या बाबांना मी विचारलं, "हलगी शेकायला जाळ कशाचा करायचात?" बाबा म्हणाले, "पाचटाचा. एका साली मात्र जाहिराती जाळल्या." कुठल्या जाहिराती? खेळाच्याच. जत्रा रद्द झाल्या, कागदाचे गठ्ठे तसेच पडून राहिले. मग मालकाचं कर्ज, विकलेली बैलजोडी, निम्मा फड मुंबईला कसा गेला, सगळं आपसूक निघालं. साल मी विचारलंच नव्हतं. '७२ चा दुष्काळ ओळखू आलाच. सन आठवत नसेल तर असाच आधार द्या: पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप, थोरलीचं लग्न.

ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा. दहापर्यंत मनात मोजा. पुढचं वाक्य बहुधा त्या दिवसाचं सगळ्यात मोलाचं असतं. दीड तासाच्या वर ताणू नका. उठण्याआधी खोलीतली शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, संपादनात जोड लपवायला उपयोगी पडते.

त्याच रात्री फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणखी एक त्यांना. नुसता पेनड्राइव्ह देऊन भागत नाही. नातवाच्या फोनमध्ये टाकून तिथंच लावून दाखवा. ऐकता ऐकता 'तो मालक नव्हं, त्याचा धाकला भाऊ' अशी दुरुस्ती निघतेच. तेव्हा रेकॉर्डर चालू ठेवा.