स्टॉक फोटो नापास झाला? पुन्हा पाठवण्याआधी हे तपासा

ॲलमी या फोटो विकणाऱ्या (स्टॉक) वेबसाइटला चाळीस फोटो पाठवले आणि चाळीसच्या चाळीस परत आले, म्हणून सगळे खराब होते असं समजू नका. तिथे तपासणी बॅचची होते. काही फोटो उघडून बघितले जातात आणि एकात दोष सापडला की त्या वेळी तपासणीच्या रांगेत असलेले तुमचे सगळेच फोटो नापास होतात. शटरस्टॉक आणि ॲडोबी स्टॉक या तशाच दुसऱ्या वेबसाइटवर फोटोगणिक निकाल लागतो, त्यामुळे नुकसान त्या एका फोटोपुरतं राहतं. फोटो सुंदर आहे का, विकला जाईल का, हे ॲलमी या तपासणीत बघतच नाही. बघते ती फाइल, म्हणजे तिचा तांत्रिक दर्जा. त्यामुळे नापास होण्याचं कारणही फाइलमध्येच शोधायचं.

सगळ्यात आधी दिलेलं कारण नीट वाचा आणि तो फोटो १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर येईल असा, उघडा. पूर्ण फोटो स्क्रीनवर बसवून बघितला तर काहीच कळत नाही. लहान दिसणारा फोटो नेहमी शार्पच वाटतो. तुमचा लॅपटॉप फोर-के किंवा रेटिना स्क्रीनचा असेल तर १०० टक्केही फसवं ठरतं, २०० टक्क्यांवर बघा. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि ओळ वाचल्यासारखं एकेक स्क्रीन सरकत खाली या. एका फोटोला दोन मिनिटं लागतात. ती द्यायलाच हवीत.

सर्वाधिक फोटो शार्प नसल्यामुळे पडतात. मागचं धूसर असणं हा दोष नव्हे. ज्यावर नजर जाते ती गोष्ट शार्प हवी. माणूस असेल तर कॅमेऱ्याजवळचा डोळा. मऊपणा, म्हणजे शार्प नसणं, कशामुळे आला ते ओळखता येतं. विषयाच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख असेल तर फोकस चुकला. कुठेच काही लख्ख नसेल आणि दिव्यांचे ठिपके सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर कॅमेरा हलला. एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप लहान ठेवून, काढलेला फोटो सगळीकडे सारखाच मऊ असेल तर ते डिफ्रॅक्शन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरणं; एफ/८ ते एफ/११ वर थांबा. २०० एमएम लेन्स १.५ क्रॉपच्या (लहान सेन्सरच्या) बॉडीवर हातात धरली असेल तर १/३०० सेकंद हा किमान शटर वेग, आणि २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर १/५०० धरलेला बरा.

चुकलेला फोकस शार्पनिंगने परत येत नाही. स्लायडर ओढत गेलात की कडांना पांढरी झालर येते आणि फोटो दुसऱ्या कारणाने पडतो. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइलला (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलला) शार्पनिंग मुळातच ४० असतं. त्याच्या पुढे जाऊ नका.

मऊपणा किंचितच असेल तर फोटो लहान करणं हा सरळ, नियमात बसणारा उपाय आहे. ६००० × ४००० चा फोटो ३००० × २००० केला की बारीक मऊपणा आणि नॉईज (फोटोतले दाणेदार ठिपके) दोन्ही आवळले जातात. ॲलमीची किमान अट १७ एमबीची आहे, आणि इथे बरेच जण गोंधळतात: ही जेपेगची साइज नव्हे, उघडलेल्या फाइलची आहे. ३००० गुणिले २००० गुणिले ३ म्हणजे १ कोटी ८० लाख बाइट, साधारण १७.२ एमबी. डिस्कवर ती जेपेग तीन-चार एमबीची दिसली तरी चालते. शटरस्टॉक आणि ॲडोबी स्टॉकला किमान ४ मेगापिक्सेल लागतात, तेही यात भागतं. उलट मात्र कधीही करू नका. क्रॉप करून उरलेला तुकडा ताणून मोठा केला तर पिक्सेल फाटलेले लगेच ओळखू येतात.

दुसरं मोठं कारण सेन्सरवरची धूळ. आकाशात किंवा साध्या भिंतीवर राखाडी, कडा विरलेला गोल डाग दिसतो, आणि तो प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो. खात्री करायची तर एफ/२२, कमी आयएसओ, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढा. डाग फोटोत वर डावीकडे असेल तर लेन्स काढून समोरून बघताना तो कण सेन्सरवर खाली डावीकडे असतो, कारण लेन्स प्रतिमा उलटी पाडते. क्लीनिंग मोड लावा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने तीन-चार झोत मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार धुळीपेक्षा वाईट. दाबलेल्या हवेचा डबाही नको. आणि मिरवणुकीत गुलाल उधळला जात असताना लेन्स बदलायचीच नाही.

काढून झालेल्या फोटोंसाठी लाइटरूमच्या हीलिंग टूलमधलं ‘व्हिज्युअलाइझ स्पॉट्स’ चालू करा. फोटो काळा-पांढरा होतो आणि डाग गोल कड्यांसारखे उठून दिसतात. एका फोटोवरची दुरुस्ती बाकीच्यांवर सिंक करता येते, पण नंतर प्रत्येक फोटो उघडून बघा. पहिल्यात जिथे आकाश होतं तिथे दुसऱ्यात झाडाची फांदी असली तर ठिगळ उघडं पडतं.

नॉईज बहुधा सावल्या उजळताना येतो. आधी रंगीत नॉईज काढा, मग बाकीचा थोडाच; जास्त काढला की त्वचा प्लॅस्टिकसारखी दिसते. फांद्यांच्या किंवा खिडक्यांच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ असेल तर लाइटरूमच्या लेन्स करेक्शनमध्ये क्रोमॅटिक अबरेशन (लेन्समुळे कडेला येणारे रंग) काढण्याची खूण करा, उरलेली तिथल्याच डीफ्रिंजने जाते. हे सगळं रॉ फाइलवर करायचं. नापास झालेली जेपेग उघडून पुन्हा सेव्ह केली तर दर्जा आणखी खाली येतो.

काही नकार फाइलमुळे नसतात. विसर्जनाच्या गर्दीत चेहरे ओळखू येतात आणि रिलीज (त्या माणसांची लेखी परवानगी) नाही, मग शटरस्टॉकवर तो फोटो एडिटोरियल, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे तर बातमी-लेखांसाठी, म्हणूनच पाठवा. त्याच्या कॅप्शनला ठरलेला साचा आहे: शहर, देश, तारीख, मग कोलन आणि साधं वर्णन. ॲलमीवर फोटोत किती माणसं आहेत आणि रिलीज आहे की नाही ते खरं भरा. एकाच दृश्याचे दहा फोटो असतील तर दोन निवडा.

आता पुन्हा पाठवताना ॲलमीची बॅच जशीच्या तशी ढकलू नका. दोष एका फोटोत दाखवला म्हणजे बाकीचे तपासून झाले असं नसतं. त्याच दिवशी, त्याच लेन्सने काढलेले सगळे पुन्हा १०० टक्क्यांवर बघा. ज्याच्याबद्दल ‘चालेल बहुतेक’ असं मनात येतं तो काढून टाका, कारण त्याच्यामुळे उरलेले एकोणचाळीस बुडतात. मग खात्रीचे पाच-सहाच पाठवा आणि ते पास होईपर्यंत दुसरं काही रांगेत टाकू नका.