आजारपणाच्या घरात रोज एक संपणारं काम

माझ्या सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणात आहेत. ऑपरेशन नीट झालं, पण उठणं-बसणं अजून आमच्या आधारानेच. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. बेडपॅन, गोळ्या, मऊ भात, पुन्हा कूस. यातलं कुठलंच काम ‘झालं एकदाचं’ म्हणून हात पुसण्यासारखं नाही. कामाचा थकवा झोपेने जातो. काहीच संपत नाही याचा थकवा झोपेनेही जात नाही. म्हणून, घरी कुणाचं करत असाल तर रोज एखादं तरी असं काम हाती घ्या, जे संपतं आणि संपलेलं डोळ्यांना दिसतं.

आतून हाक आली तर टाकून उठता येईल, असंच काम निवडा. हात गुंतले पाहिजेत, कान मोकळे राहिले पाहिजेत. डोळे मिटून ध्यानाला बस, असं मला पुष्कळांनी सांगितलं. सल्ला चांगलाच आहे, पण आजारपणाच्या घरात डोळे मिटले की सगळा जीव कानात येतो. हात चालू असले की मन आपसूक थाऱ्यावर येतं.

माझं सगळ्यात लाडकं काम लोणी काढून कढवायचं. आमच्याकडे म्हशीचं दूध येतं. तापवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवलं की जाड साय धरते. ती स्टीलच्या डब्यात साठवायची, पहिल्याच दिवशी त्यात चमचाभर दही घालायचं. आठवड्याभराने डबा रात्री बाहेर काढून ठेवायचा. सकाळी विरजण छान लागलेलं असतं. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घाला, थंडीत जरासं कोमट. मिक्सरवर दोन मिनिटांत होतं हे खरं, पण मी उभ्या पातेल्यात रवीनेच घुसळते. आधी नुसता फेस येतो, मग रवी जड होते, आणि एकाएकी ताक वेगळं, लोण्याचे कण वेगळे. तो क्षण दर वेळी मला तितकाच आवडतो. मग गोळा गार पाण्यात धुवायचा, पाणी नितळ दिसेपर्यंत.

कढवताना जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच. लोण्यातलं पाणी तडतडत असतं तोवर तूप कच्चं. आवाज मंदावला, बेरी बदामी झाली आणि वास घरभर सुटला की गॅस बंद. विड्याचं एक पान टाका. न हलवता सावकाश गार होऊ दिलंत तर तूप रवाळ होतं. मध्येच हाक आली तर गॅस बंद करून खुशाल जा. परत आल्यावर पुन्हा आच लावली तरी काही बिघडत नाही. बेरीत गूळ कालवून गरम पोळीबरोबर खा. ती बेरी करणाऱ्याच्या वाटणीची, हे मी घरात सांगूनच ठेवलंय. ताकाची कढी आत्यांना भाताबरोबर आवडते.

दुसरं काम आत्यांच्या हातचं. पडून असलेल्या माणसालाही काहीतरी पुरं केल्याचं सुख हवं असतं, हे आपण विसरतो. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिल्यावर पाठीला तक्के लावले आणि मांडीवर ताटलीत कापूस दिला. दुधाचं बोट लावून त्या फुलवाती वळतात. चातुर्मासात लक्षवाती वळलेला हात तो, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक चालतो. खिडकीत एका पसरट ट्रेमध्ये मातीवर रात्रभर भिजवलेले मेथीदाणे पसरलेत. दोन-तीन दिवसांत कोंब, दहा-बारा दिवसांत भाजी. कधी कापायची ते त्या सांगतात, मी कात्री चालवते.

रेडिओ मात्र हळू आवाजात असू द्या. विविध भारती १९५७ पासून चालू आहे. आत्यांना जुनी गाणी तोंडपाठ, आणि कूस बदलताना कानावर आवडीचं काही पडत असलं की त्यांचं कण्हणं कमी होतं.

भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवून टाका. आमच्याकडे संध्याकाळी पाच ते सहा. “काही मदत लागली तर सांग” असं कुणी म्हटलं की लगेच सांगा : “काकू, गुरुवारी तासभर आत्यांजवळ बसाल?” माणसं मनापासून विचारतात, त्यांना नेमकं काम हवं असतं. तो तास किराण्यात घालवू नका. गच्चीवर जा, अंघोळ सावकाश करा, झोपा.

आणि रात्री झोपच लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर तुपा-वातींवर भागवू नका. डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही. आजारी माणसाच्या गोळ्यांइतकीच ती गरज खरी आहे.

एखादा दिवस असा जाईल की यातलं काहीच होणार नाही. त्या दिवशी लागलेलं विरजण परत फ्रिजमध्ये ठेवून द्या. उद्यापर्यंत ते बिनदिक्कत टिकतं.