चमत्काराची बातमी आली की आधी चहा ठेवा

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये तीस वर्षं असिस्टंट होतो. ब्युरेट विसळायच्या आणि पोरांनी फोडलेल्या टेस्ट ट्यूब मोजायच्या, एवढंच काम. पण भावकीच्या ग्रुपवर काही अजब आलं की सगळे मलाच विचारणार, "तात्या, हे खरं काय ओ?" परवा सूनबाई म्हणाली, तुम्ही कसं तपासता ते एकदा लिहूनच ठेवा. म्हणून हे.

आल्या आल्या उत्तर द्यायचं नाही. चहा ठेवायचा. तो उकळेपर्यंत एवढंच बघायचं, की हे प्रत्यक्ष पाहिलंय कुणी? 'एका गावात', 'एका बाईला', 'नासानं मान्य केलंय' यात गावाचं नाव नाही, तारीख नाही, माणूस नाही. पाठवणाऱ्याला फोन लावा, त्याला कुणी पाठवलं ते विचारा. दोन-तीन फोनांत "मला पण आलेलंच" हे ऐकायला मिळतं. मग तिथंच सोडा. शास्त्र नंतर. जे घडलंच नाही त्याचं कारण शोधत बसायची खोड आम्हा शहाण्यांना फार.

बघणारा सापडला तर मात्र जागेवर जायचं, आणि त्याच वेळेला. मागं रंकाळ्यावरचा एक फोटो फिरत होता. कठड्यापाशी पांढरी बाई, आणि तिच्या अंगातून मागचा कठडा दिसतोय. काढणारा निघाला माझ्या पुतण्याचा दोस्त. पोरगं खोटं बोलत नव्हतं, खरंच टरकलं होतं. त्याच रात्री त्याचाच मोबाइल, तोच नाइट मोड, तीच जागा. पुतण्याला पांढरा शर्ट घालून कठड्यासमोरून चालवला. पहिल्या दोन फोटोंत नुसता धूसर पट्टा. तिसऱ्या वेळी म्हटलं, मध्येच जरा थांब आणि मग निघ. झालं, पुतण्याच्या पोटातून कठडा! अंधारात मोबाइल एकच फोटो काढत नाही, एकामागून एक बरेच काढून एकावर एक बसवतो. थोडा वेळ थांबून निघून गेलेला माणूस त्यात अर्धामुर्धा उमटतो. पोरानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी स्टेटसला लावले. भेळेचे पैसे मी दिले.

दुसरी युक्ती १९९५ सालची. २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायला लागला आणि देवळांबाहेर रांगा लागल्या. मी लॅबमधलं पितळी वजन घेतलं, दुधात हळद कालवली आणि काठोकाठ भरलेला चमचा वजनाला टेकवून जरासा कलता केला. वजनही प्यायलं! पिवळा ओघळ मात्र खाली बशीपर्यंत दिसत होता. पृष्ठताणामुळं, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यामुळं, दूध चमच्याच्या काठावरून ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं उतरतं. पांढऱ्या दगडावर पांढरं दूध दिसत नाही, इतकंच. देवाला जे करता तेच वजनाला करून बघा.

बायकांबद्दलच्या फॉरवर्डला अजून एक चाळणी लावतो. हे खरं धरलं तर दोष कुणाच्या माथी येतो? 'अमुक तिथीला मुलगाच' हे त्यातलं. आईच्या बीजांडात एक्स गुणसूत्रच असतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. त्यामुळं मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणारी सासू तिथीतही चुकते आणि दोषातही. अंगात येणाऱ्या बाईला मात्र हसू नका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना एरवी घरात कुणी विचारत नव्हतं. अंगात आलं की सासरे हात जोडून उभे. मी तिथं प्रयोग केला नाही. आमच्या हिला त्यांच्याकडं बसायला धाडलं.

भूत उतरवतो म्हणून कुणी मारत असेल, तर तिथं चहा ठेवायचा नाही, सरळ ११२ ला फोन. जादूटोण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. पूजाअर्चेला त्यात हात लावलेला नाही, हे घाबरणाऱ्यांना सांगावं. आणि गर्दीशी हुज्जत घालू नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरून येणाऱ्या, पुरोगामी विचारांच्या गोविंद पानसरे आण्णांवर याच गावात गोळ्या झाडल्या, ते विसरून मी हे लिहीत नाही.

शेवटी माझी चूक. अंबाबाईच्या किरणोत्सवाला मी न बघताच 'भाविकांच्या गप्पा' म्हणायचो. आत्यानं एकदा ओढून नेलं. मावळतीची तिरीप महाद्वारातून आत आली आणि फरशीवरून सरकत देवीच्या पायांवर चढली. मी गप्प. घरी येऊन कॅलेंडर काढलं. एकदा ९ ते ११ नोव्हेंबर, एकदा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो त्या २१ डिसेंबरपासून मागं ४१ दिवस मोजले की १० नोव्हेंबर, पुढं ४१ मोजले की ३१ जानेवारी. दोन्ही वेळा सूर्य जवळजवळ एकाच जागी मावळतो. बांधणाऱ्यांनी ते हेरलं होतं आणि मी तीस वर्षं लॅबमध्ये राहून हेरलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी आधीच जाऊन जागा धरली. किरणं आत आली, पण वर चढायच्या आत विरली. आत्या म्हणाली, "काय रं, गणित चुकलं काय तुझं?"

"गणित बरोबर हाय आत्या, ढग आलं मधी."

"मग उद्या परत ये," म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.