सोलर वॉटर हीटर दुरुस्त करावा की बदलावा?

गच्चीवरच्या सोलरचे पाणी सकाळी कोमट येऊ लागले की बहुतेक घरांत थेट नव्या संचाची चौकशी सुरू होते. वास्तविक, दहा-बारा वर्षे चाललेल्या संचातही बिघडलेला भाग बऱ्याचदा एखादाच असतो, आणि तो भाग म्हणजे आतली टाकी नसेल, तर दुरुस्तीच परवडते. येथे विचार केला आहे तो बंगल्यांवर आणि रो-हाउसवर सर्रास दिसणाऱ्या, काचेच्या नळ्यांच्या आणि बिनदाबाच्या, म्हणजे पंपाच्या दाबाशिवाय चालणाऱ्या, संचाचा.

बिघाड संचातच आहे की घरातल्या पाइपांत, हे सर्वप्रथम ठरवावे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी, गरम पाणी न वापरता, दुपारी चारच्या सुमारास टाकीच्या अगदी जवळच्या तोंडाशी पाणी काढून त्याचे तापमान मोजावे आणि लगेच न्हाणीघरातल्या नळाचे मोजावे. वर 60 अंश आणि खाली 40 अंश येत असतील, तर नवा संच बसवूनही काहीच फरक पडणार नाही. अशा वेळी टाकीतून खाली येणाऱ्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा. पाइपातले उरलेले पाणी संपल्यावरही धार चालूच राहिली, तर थंड पाणी कुठून तरी गरम लाइनमध्ये शिरत आहे, हे निश्चित समजावे. याचे नेहमीचे कारण म्हणजे मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून हँडशॉवर फक्त त्याच्या दांड्यावरच्या बटणाने बंद करण्याची सवय; मग दाब जास्त असलेले थंड पाणी मिक्सरमधूनच गरम बाजूला सरकते. ही सवय सोडली किंवा योग्य जागी पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, की तक्रार मिटते.

सावलीकडेही पाहावे, कारण संच बसवल्यानंतर दक्षिणेला एखादी इमारत उभी राहिलेली असू शकते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशच वर असतो, म्हणजे सावली जवळपास वस्तूच्या उंचीइतकी लांब पडते; उन्हाळ्यात उत्तम चालणारे सोलर ऐन थंडीत रुसते ते यामुळे. तेथे दुरुस्ती नव्हे, जागाबदल हवा, आणि तो शक्य नसल्यास हवेतली उष्णता घेऊन विजेवर पाणी तापवणाऱ्या हीट पंपाचा विचार करावा.

दोष खरोखर संचात असेल, तर आधी नळ्या तपासाव्यात. प्रत्येक नळी दुहेरी काचेची असून दोन थरांमध्ये निर्वात पोकळी असते, आणि तिच्या बंद टोकाला आतून आरशासारखा चंदेरी लेप दिसतो. पोकळीत हवा शिरली की हा लेप दुधासारखा पांढरा पडतो. शिवाय भर उन्हात चांगल्या नळीची बाहेरची काच फारशी तापत नाही. एखादीच नळी हाताला चटका देत असेल, तर तिची निर्वातता गेली आहे. अशा दोन-चार नळ्या बदलणे हे किरकोळ काम आहे. त्याच वेळी इतर नळ्या काढून तळाशी बसलेला क्षारांचा गाळही साफ करून घ्यावा. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हा गाळ मूठ-मूठ निघतो. हे काम सकाळी लवकरच करावे, कारण उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी सोडले, तर ती जागच्या जागी तडकते. नळीच्या मानेपाशी थेंब गळत असतील, तर बहुधा रबरी सीलच कडक झालेले असते. मात्र घरात नंतर प्रेशर पंप बसवला असेल आणि त्याचा दाब सोलरलाही मिळत असेल, तर सील कितीही बदलले तरी गळती परत येईल.

टाकीचे मात्र वेगळे. पाणी नळ्यांच्या मानेपाशी न गळता टाकीच्या बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून किंवा खालच्या छिद्रातून झिरपत असेल, सोबत तांबूस ओघळ असतील, तर आतली टाकी बहुधा वेल्डिंगच्या रेषेवर सडलेली असते. स्टेनलेस स्टीललाही पाण्यातल्या क्लोराइडमुळे सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, आणि तेथे पोहोचण्यासाठी भोवतालचा पफ, म्हणजे उष्णता राखणारा फोम, उकरावा लागतो. भिजलेला पफ उष्णता धरत नाही, आणि एका छिद्राला टाका मारला की शेजारी दुसरे उघडते. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचे येथे ऐकू नये. टाकीतली हवा-वाफ ये-जा करू देणारा व्हेंट पाइप तुंबल्यामुळे टाकी आत चेपली किंवा फुगली असेल, तरीही निकाल हाच.

गळती नसूनही शंका असल्यास संध्याकाळी सहाला आणि पहाटे सहाला, मध्ये पाणी न वापरता व टाकीतली विजेची बॅकअप कॉइल बंद ठेवून, तापमान मोजावे. दहा अंशांच्या आतली घट मी चालवून घेईन. त्याहून बरीच जास्त घट असेल, तर थंड पाण्याचा पाइप रात्री टाकीपासून दूरपर्यंत गरम लागतो का, ते आधी पाहावे. तसे असल्यास गरम पाणी त्या पाइपात उलटे जात आहे; दोष टाकीचा नसून त्या पाइपावरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा असतो.

खर्चाचा हिशेब वर्षांत मांडावा. समजा, नवा संच 30,000 रुपयांना पडतो आणि 15 वर्षे टिकतो, तर तो वर्षाला 2,000 रुपये खातो. टाकी धड असलेल्या जुन्या संचावर 4,000 खर्चून तो आणखी चार वर्षे चालला, तर वर्षाला 1,000 पडतात. निर्णय लांबवण्याचीही किंमत असते: 200 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला सुमारे 7 युनिट वीज लागते, आणि बॅकअप कॉइल रोज चालू राहिली, तर ती बिलात दिसतेच.

या चाचण्या पावसाळ्यात करू नयेत. ढगाळ जुलैत उत्तम संचही नापास ठरतो. ऑक्टोबरच्या उन्हात तपासणी केली, तर थंडीपूर्वी काम उरकते. बदलायचेच ठरले, तर फक्त टाकी मिळते का, जुना स्टँड व नळ्या तिला बसतील का, आणि आतल्या टाकीची गॅरंटी बोअरच्या पाण्यालाही लागू आहे का, ही तिन्ही उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत.