सेफ्टी शूज चावतात तेव्हा: फाउंड्रीत नवीन लागणाऱ्यांसाठी

डिप्लोमा झाल्या झाल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, आम्ही ११ जण अप्रेंटिस म्हणून लागलो आणि पहिल्या पंधरा दिवसात त्यातले चार जण लंगडत होते. सगळ्यात जास्त लंगडणारा मी. स्टायपेंड किती, कँटीन कसं, नंतर परमनंट करतात का, हे सगळं आम्ही सिनियरना फोन करकरून विचारलं होतं, बुटाबद्दल ना कुणी विचारलं ना कुणी सांगितलं. अजून माझ्या उजव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग आहे, तो बघितला की चिडचिड होते, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी साइझचं उरकून टाकतो. स्टोअरमधला माणूस खिडकीतनं "कितीचा?" विचारतो, आपण चपलेचा नंबर ठोकून देतो आणि सही करून मोकळे. असं करू नका. तिथंच बसा, कामावर घालणार तेच जाडे मोजे घालून दोन्ही पायात बूट घाला, लेस बांधा, चाला, उकिडवे बसा. मागे रांग लागली तर लागू दे. जमलं तर संध्याकाळी घालून बघा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो आणि शिफ्टमधे तो तसाच असणार आहे. पुढं बोटं आणि वाटीच्या (बोटं वाचवायला बुटाच्या टोकात बसवलेली स्टीलची टोपी, टो कॅप) मधे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. "थोडा टाइट आहे पण घालून घालून सैल होईल" हे वाक्य बाकी चामड्याला चालतं, पुढच्या स्टीलच्या वाटीला नाही. बुटावर आयएस १५२९८ लिहिलेलं असतं, ते सेफ्टी बुटांचं भारतीय मानक, त्याच्या भाग २ मधला बूट म्हणजे २०० जूलचा दणका सोसणारी टो कॅप, साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरनं पडलं तर. आता २०० जूलला जी वाटी हार मानत नाही ती तुमच्या करंगळीनं पसरणार आहे होय? आमच्यातल्या एकाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली, तरी तो महिनाभर सैल व्हायची वाट बघत होता. आणि आमच्या बॅचच्या दोन मुलींना चार-पाच नंबरचे बूट स्टोअरमधे नव्हतेच, त्यांना सहाचे दिले आणि दोन मोजे घाला म्हणाले. मोठा बूट मोजे घालून लहान होत नाही, पाय आत सरकतो आणि फोड येतात. लेखी मागा, पुन्हा पुन्हा मागा, लाजू नका.

आता बूट पायाशी जमवून घेणं. मी काय केलं, तर सोमवारी सकाळी नवा कोरा बूट डब्यातनं काढला आणि थेट फर्स्ट शिफ्टला आठ तास फेटलिंगमधे (ओतलेले भाग घासून साफ करायचं खातं) उभा राहिलो. दुपारी जेवायला जाताना टाच सोलली होती. नवीन चामडं पुठ्ठ्यासारखं असतं, तुमचा पाय जिथं वाकतो तिथं ते वाकायला शिकलेलं नसतं, त्याला वेळच द्यावा लागतो. जॉइनिंगच्या आधी बूट हातात मिळाले तर नशीबवान, घरात एक तास घाला, दुसऱ्या दिवशी दोन तास, जिने चढा उतरा, शेंगा सोलत बसलेल्या आजीसमोर उठाबशा काढल्या तरी चालतील, फक्त पाय वाकला पाहिजे. मग अर्धी शिफ्ट. साधारण दहा-पंधरा दिवसात बोटांच्या मागे एक मऊ घडी पडते, ती पडली की बूट तुमचा. कंपनीत पहिल्या दिवसापासून घालायलाच लागतात हे मला माहितीय, मग निदान आधीच, म्हणजे फोड यायच्या आधी, टाचेला आणि करंगळीच्या बाजूला मेडिकलमधली मायक्रोपोर पट्टी चिकटवून जा. लेस वरच्या शेवटच्या भोकापर्यंत ओवा. खालपर्यंतच बांधून वर मोकळी सोडायची फॅशन आहे, ती टाच सोलायची फॅशन आहे. फोड आलाच तर फोडू नका.

एवढ्यानं घाबरून जाऊ नका, पहिल्या आठवड्यात थोडं दुखणं सगळ्यांनाच आहे. पण ज्यांना शुगर आहे त्यांनी हे "थोडं दुखणं" म्हणून सोडून देऊ नका, तुम्ही आधी डॉक्टरला पाय दाखवा, तिथं फोड हा विषय वेगळा आहे.

आता माझी खरी चूक, आणि ही मी सविस्तरच सांगणार, कंटाळा आला तरी वाचा.

जुलैचा तिसरा आठवडा. कोल्हापुरातला पाऊस ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको, राजाराम बंधारा केव्हाच पाण्याखाली, रोज सकाळी उठून पंचगंगेची पातळी बघायची. मी गाडीवरनं शहरातनं शिरोलीला जायचो, रेनकोट अंगाला, पायाला काही नाही. कंपनीत पोचेपर्यंत बूट पिळून काढावेत एवढे भिजलेले. तोपर्यंत बूट तीन आठवडे जुने, नुकतेच कुठं पायाला बसायला लागले होते. कोअर शॉपमधे ओव्हन असतो, वाळूचे कोअर (ओतलेल्या भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे) भाजायचा, त्याच्या बाजूच्या कट्ट्यावर पोरं ओले हातमोजे वाळत टाकायची. आमच्या सुपरवायझरनी मोठ्या प्रेमानं सांगितलं, "अरे ठेव की तिथं, अर्ध्या तासात पापड होतील." मी ठेवले, आणि खरंच पापड झाले.

बाहेर काढले तेव्हा मला आनंदच झाला होता, कोरडे ठणठणीत, आत हात घातला तर गरम गरम. दुसऱ्या दिवशी परत भिजले, परत ठेवले. असं चार-पाच दिवस. मग एक दिवस लक्षात आलं की जीभ आखूड झालीय, टाचेमागची किनार लाकडासारखी लागतेय, आणि ती जी मऊ घडी पडली होती ना बोटांच्या मागं, तिथं बारीक बारीक चिरा. दाबलं की टक्क आवाज. त्या कडक किनारीनं टाच परत सोलली, घाण पाणी गेलं, पू झाला, सहा दिवस घरी, त्यात स्टायपेंड कापला तो वेगळाच.

का होतं हे नंतर समजलं. चामडं म्हणजे शेवटी कातडी, बारीक तंतूंची वीण, आणि त्या तंतूंच्या मधे टॅनरीत, म्हणजे कातडं कमावतात तिथं, घातलेलं तेल असतं, त्यामुळं ते एकमेकावरनं घसरतात, म्हणून चामडं वाकतं. कोरडं चामडं उष्णता बऱ्यापैकी सोसतं, पण ओलं चामडं त्यापेक्षा खूप लवकर आकसतं. मटण शिजताना कसं आकसतं बघा, तेच. एकदा तंतू आकसून एकमेकाला चिकटले की परत सरळ होत नाहीत, तुम्ही मग काय वाटेल ते लावा. शिवाय बाहेरून पटकन वाळतं आणि आत ओल तशीच, म्हणजे वरचा थर ताणला जातो, चीर तिथं पडते. सोल जिथं चिटकवलेला असतो तिथली चिकटही गरम झाली की ढिली पडते, माझ्या डाव्या बुटाला पुढं फट पडली ती तशीच. ओव्हन म्हणजे फक्त ओव्हन नाही हां. हीटर, हेअर ड्रायर, चुलीची जोत, गाडीचा सायलेन्सर (हे करणारा माणूस मी बघितलाय), आणि पाऊस उघडल्यावर पडणारं कडक ऊनसुद्धा. माझा साधा नियम, जिथं दोन मिनिटं हात ठेववत नाही तिथं ओला बूट ठेवायचा नाही.

मग वाळवायचे कसे? लेस काढा, जीभ पूर्ण बाहेर ओढा, आतला सुखतळा काढून वेगळा ठेवा (हा लोक काढतच नाहीत, आणि सगळी ओल तिथंच बसते), आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, अगदी वाटीत बोटांपर्यंत. तासाभरानं बोळे भिजतात, काढून नवीन भरा, झोपताना परत एकदा. बूट आडवा ठेवा म्हणजे सोलच्या बाजूलाही हवा लागेल, आणि साधा पंखा. चिंब बूट सकाळपर्यंत पूर्ण वाळत नाही, दोन दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात दोन जोड पाहिजेतच. दुसरा जोड स्वतःच्या पैशानं घ्यावा लागला तरी घ्या, माझे सहा दिवसांचे कापलेले पैसे आणि औषधं धरली तर त्यात जोड आला असता. आणि त्याहून सोपं, जे मला फार उशिरा सुचलं: गाडीवर चप्पल घालून जा, बूट पिशवीत.

पण माझी चूक इथंच संपली नाही. बूट कडक झाल्यावर मामाला फोन केला. मामाच्या पायात जन्मभर कापशीचं पायताण, म्हणजे कोल्हापुरी चप्पल, त्याला चामड्यातलं कळतं असं मी धरून चाललो. तो म्हणाला, "पायताण चावाय लागलं तर काय करतोस? तेल पाज." मी वाटीभर खोबरेल पाजलं. बूट रात्रभरात मऊ झाला, लिबलिबीत, काळपट, आणि दुसऱ्या दिवशी शॉपमधली सगळी वाळू त्याला चिकटली. वर फेटलिंगमधे ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, तेलानं थबथबलेला बूट घालून तिथं उभं राहणं म्हणजे काय हे सेफ्टी ऑफिसरनी सगळ्यांसमोर आवाज चढवून सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी कोल्हापुरातल्या चप्पल लाइनला, म्हणजे चपलांच्या बाजारात, एका म्हाताऱ्या कारागिराला बूट दाखवला. त्यांनी हातात घेतला, वास घेतला आणि हसले. "बाळा, हे क्रोमचं चामडं. आमचं पायताण बाभळीच्या सालीत, हिरड्यात पिकवल्यालं. त्याला तेल लागतंय, ह्याला लई न्हाई." मामा चुकीचा नव्हता, तो पायताणाबद्दल बोलत होता. सेफ्टी शूजचं चामडं बहुतेक क्रोम टॅनिंगचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असतं, वर रंगाचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्लास्टिक) थर असतो, त्याला अगदी थोडं क्रीम पुरतं. आणि हे प्लास्टिकचा थर असलेलं चामडं आहे का बघायचं असेल तर कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका. थोड्या वेळात तिथं गडद डाग पडला तर चामडं पितंय, क्रीम लावण्यात अर्थ आहे. थेंब तसाच मण्यासारखा बसून राहिला तर वर जाड थर आहे, तिथं क्रीम वाया, ओल्या फडक्यानं पुसलंत तरी बास.

रोजची निगा म्हणाल तर दोन मिनिटांचं काम. शिफ्ट संपली की जुन्या टूथब्रशनं सोलच्या जोडावरची आणि शिवणीतली वाळू काढायची, कारण वाळू म्हणजे सँडपेपर, प्रत्येक पावलाला दोरा घासते. आठवड्यातनं एकदा ओलं फडकं, वाळल्यावर महिन्यातनं दोनदा डबीतलं क्रीम किंवा वॅक्स पॉलिश, बोटानं, घडीच्या जागी नीट चोळून. ती स्पंजवाली चकाचक लिक्विड पॉलिश मला आवडत नाही, वर नुसता चमकीचा थर बसतो आणि घडीत तडकतो. बांधकाम साइटवर असाल तर सिमेंट त्याच दिवशी धुवा, ओलं सिमेंट चामडं खातं. बुरशी आली तर घराबाहेर जाऊन कोरड्या ब्रशनं झाडा, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी फडक्याला लावून पुसा, सावलीत वाळवा. झाकणबंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ओला बूट ठेवणाऱ्याला बुरशी येणारच, त्याचं मला वाईट वाटत नाही.

"स्वस्तात मिळाले म्हणून तीन जोड घेऊन ठेवले" असं करणारे पण आहेत. पीयूचा सोल न वापरतासुद्धा दमट हवेत वर्षांनुवर्षं पडून आतून कुजतो, आणि मग एक दिवस चालता चालता भुगा होऊन पडतो. बुटावर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, घेताना ते बघा. आणि वाटीवर खरंच काही जड पडलं तर तो बूट वरनं धड दिसला तरी टाकायचा, एकदा दबलेली वाटी दुसऱ्यांदा वाचवेलच असं नाही.

सल्ला देणाऱ्यांबद्दल एकच बोलतो, राग आला तर येऊ दे. ज्यांनी मला ओव्हनची आयडिया दिली ते सुपरवायझर केबिनमधे बसतात, त्यांचा बूट दोन वर्षांपूर्वीचा आणि नवा दिसतो. आमच्या फेटलिंगमधे एक अण्णा आहेत, २६ वर्षं ग्राइंडर धरलेले, त्यांचा बूट बघितला तर वाटतं टाकून द्यावा, पण आत हात घालून बघा, कापसासारखा. ते कुणाला काही सांगत नाहीत, विचारावं लागतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी फक्त आपल्या लॉकरचं दार उघडलं. आत दोन जोड, एक रोजचा, दुसऱ्यात 'पुढारी'चे बोळे.

हां, मेल्टिंगला, म्हणजे धातू वितळवतात तिथं, ज्यांची पोस्टिंग आहे त्यांनी लेसच्या बुटावर जाऊच नका, तिथं पटकन पायातनं झटकता येणारे बिनलेसचे बूट देतात, ते मागून घ्या, आणि पँट बुटात खोचू नका, बाहेर ठेवा, नाहीतर उडालेला थेंब सरळ आत जातो.

माझा आत्ताचा जोड १४ महिन्यांचा आहे. डाव्याची लेस मागच्याच आठवड्यात तुटली आणि स्टोअरमधे सुटी लेस मिळत नाही म्हणाले, त्यामुळं जॉइन व्हायच्या आधीच दोन जोड लेस बाहेरून घेऊन बॅगेत टाकून ठेवा.