कोची कशी पाहावी: आधी वार ठरवा, मग वाट

कोचीला जाणारे बरेचजण शुक्रवारी पोचतात, शनिवारी मट्टनचेरी या जुन्या भागात जातात आणि बंद दारांचे फोटो काढून परत येतात. तिथला राजवाडा शुक्रवारी बंद असतो. त्याच्या शेजारचं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी दिवसभर आणि ज्यूंच्या सणांना बंद असतं. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यूंना शनिवार तेली म्हणत, तोच हा सब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. रविवारी सगळं उघडं असतं, पण फोर्ट कोचीत, म्हणजे समुद्राकाठच्या जुन्या कोचीत, पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी शहराजवळच्या त्रिपुनितुराचा हिल पॅलेस, म्हणजे जुन्या राजवाड्याचं संग्रहालय, बंद. म्हणून मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस धरा आणि त्यांवरून तिकिटं काढा.

महिना निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. केरळात पावसाळे दोन असतात. जून-जुलैचा मोठा पाऊस ओसरला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाटासह सरी येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बिनालेचं कलाप्रदर्शन असेल त्या मोसमात मात्र खोल्यांचे दर चढतात, तेव्हा बुकिंग आधीच करा.

पोचणं आणि मुक्काम

मुंबईहून कोकण रेल्वेने नेत्रावती एक्स्प्रेस जाते. मंगला लक्षद्वीप कल्याण-पनवेलवरून जाते आणि एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या मुख्य शहरात, संपते. प्रवास चोवीस तासांच्या आसपासचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या सावकाश धावतात, त्यामुळे पुढची बोट किंवा बस अगदी लागून ठेवू नका. तिकीट काढताना स्टेशन नीट पाहा: एर्नाकुलम जंक्शन (लोक त्याला साउथ म्हणतात) आणि एर्नाकुलम टाउन (म्हणजे नॉर्थ) ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. विमानतळ नेदुंबश्शेरीला, शहरापासून जवळपास तीस किलोमीटरवर. तिथून बसने आलुवा मेट्रो स्टेशन गाठून पुढे मेट्रोने शहरात आलात तर हायवेवरच्या गर्दीतून सुटका होते.

मुक्काम फोर्ट कोचीतच करा. एर्नाकुलममध्ये हॉटेलं जास्त आणि स्वस्तही मिळतात, पण सकाळी साडेसहाला मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी पोचायचं तर चालत पोचता आलं पाहिजे. फोर्ट कोचीच्या जुन्या घरांत होमस्टे भरपूर आहेत. बुकिंग करताना खोली तळमजल्यावर आहे का, खिडकीला डासांची जाळी आहे का आणि नाश्ता धरून दर किती, हे तिन्ही विचारा.

रस्त्याने जाऊ नका, पाण्याने जा

एर्नाकुलम ते फोर्ट कोची टॅक्सीने गेलात तर पुलांवरच्या गर्दीत तासभर सहज जातो. बोटीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बोटींचे पर्याय दोन. सुभाष पार्कजवळच्या मुख्य जेट्टीवरून राज्य जलवाहतूक विभागाची साधी बोट सुटते. तिकीट अगदी किरकोळ असतं, सुटे पैसे जवळ ठेवा. दुसरा पर्याय वॉटर मेट्रोचा. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या या वातानुकूलित बोटी बॅटरीवर चालतात आणि फोर्ट कोचीसाठी हायकोर्ट टर्मिनलवरून सुटतात. ठरावीक संख्येपलीकडे त्या एकही माणूस चढवत नाहीत, म्हणून शनिवार-रविवारी संध्याकाळी लांब रांग लागते. जाताना साधी बोट आणि उन्हातून परतताना वॉटर मेट्रो, असं केलंत तर दोन्हींचा अनुभव मिळतो. साध्या बोटीत पाण्याच्या बाजूची जागा धरा. वाटेत दिसणारं विलिंग्डन बेट बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून विसाव्या शतकात तयार केलेलं आहे. शेवटची बोट किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

पहिला दिवस: फोर्ट कोची

१. सकाळी साडेसहाच्या सुमारास चिनी जाळ्यांपाशी पोचा. बहुतेकजण संध्याकाळी येतात, सूर्यास्ताचा फोटो काढतात आणि जाळं चालतं कसं ते न पाहताच जातात. लांब वाशांच्या सांगाड्याला पुढे जाळं आणि मागे दोरांना बांधलेले मोठे धोंडे, असा हा तराजू असतो. तोल इतका नेमका की एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटांनी चार-पाचजण मिळून दोर ओढतात, धोंडे खाली येतात आणि जाळं वर. ओहोटीला जाळी नुसती टांगलेली दिसतात, म्हणून आदल्या रात्रीच भरतीची वेळ मोबाइलवर पाहून ठेवा. मच्छीमार तुम्हाला दोर ओढायला बोलावतील. जरूर जा, पण त्याचे पैसे द्यावे लागतात, तेव्हा रक्कम आधी ठरवा.

२. शेजारच्या टपऱ्यांवरची सगळी मासळी या जाळ्यांतली नसते, बरीचशी होड्यांवरून येते. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक असतील तरच घ्या. मासे घेऊन जवळच्या खानावळीत शिजवून मिळतात. माशाचा किलोचा भाव आणि शिजवण्याची मजुरी वेगवेगळी विचारा, वाद नेमका इथेच होतो. करीमीन, म्हणजे मालवण-गोव्याच्या खाड्यांतली काळुंदर, मसाला लावून केळीच्या पानात भाजलेली मागा. सोबत येणारा जाड तांबूस भात कोकणातल्या उकड्या तांदळाच्या जातकुळीचा. पेल्यातलं गुलाबी कोमट पाणी पतिमुखम नावाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं असतं, ते निःशंक प्या.

३. साडेनऊच्या पुढे सेंट फ्रान्सिस चर्च. १५२४ च्या डिसेंबरमध्ये वास्को द गामा कोचीत वारला, त्याला इथेच पुरलं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, थडग्याची शिळा मात्र जागेवर आहे. १५३० पर्यंत हिंदुस्थानातल्या पोर्तुगिजांची राजधानी कोची होती, मग ती गोव्याला गेली. जुनी गोव्याची चर्चेस पाहिलेल्यांना हे चर्च फार साधं वाटेल. डच आणि नंतर इंग्रज आले, तसं ते त्यांच्या पंथाचं होत गेलं. वर पाहा: दोरीने ओढायचे कापडी पंखे अजून टांगलेले आहेत. तिथून सांताक्रूझ बॅसिलिका चालत दहा मिनिटांवर, आणि तिथलं रंगवलेलं छत ही उणीव भरून काढतं.

४. दुपारी दोन तास खोलीत पडा. दमट उकाड्यात हट्टाने फिरलात तर संध्याकाळ वाया जाते.

५. संध्याकाळी कथकली. फोर्ट कोचीत पर्यटकांसाठी तासा-दीड तासाचे प्रयोग रोज होतात, मूळचा प्रयोग रात्रभर चालतो. खेळाच्या आधी तासभर रंगभूषा सगळ्यांसमोर करतात, तेव्हाच जाऊन बसा. चेहरा हिरवा असेल तर पात्र सात्त्विक. हनुवटीभोवती चुट्टी ही पांढरी कड चढवायला बराच वेळ लागतो आणि त्या वेळात नट पाठीवर निजून असतो. डोळे लाल दिसावेत म्हणून पापणीखाली एक बी ठेवतात. हे पाहिलेलं असलं की रंगमंचावरच्या डोळ्यांच्या हालचालींकडे आपोआप लक्ष जातं. जागा पुढच्या तीन-चार रांगांत घ्या, मागून डोळे दिसत नाहीत.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर पोहू नका. बंदराचं तोंड तिथेच असल्यामुळे ओढ जबरदस्त असते, आणि पावसाळ्यानंतर खाड्यांतली जलपर्णी वाहून येऊन किनाऱ्यावर साचते. डुंबायचं असेल तर वाहनं नेणाऱ्या फेरीने वायपीन बेटावर उतरा आणि रस्त्याने चेराईचा किनारा गाठा.

दुसरा दिवस: मट्टनचेरी

राजवाडा सकाळी उघडताच गाठा. पोर्तुगिजांनी तो १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला, १६६३ नंतर डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव पडलं डच पॅलेस. बाहेरून दोन मजली साधं घर दिसतं. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण आहे, नैसर्गिक रंगांत, रिकामी जागा न सोडता भरलेलं. उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि फोटोला मनाई आहे. बाहेरच्या उन्हातून आलात की दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा, मग आकृत्या सुटू लागतात. घाईतले लोक अंधारी खोली पाहून बाहेर पडतात, त्यांचं मोठं नुकसान होतं.

सिनेगॉग १५६८ चं. दुपारी मध्ये काही तास बंद असतं, म्हणून राजवाड्यातून साडेअकरापर्यंत निघाच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या आहेत. दोन शेजारच्या फरश्यांवरची झाडं ताडून पाहा, फटकारे वेगळे दिसतील.

मसाला तिथल्या बाझार रोडवर घ्या, सिनेगॉगच्या गल्लीतल्या सजवलेल्या दुकानांपेक्षा भाव बरा पडतो. मिऱ्यांचे दहा दाणे पेलाभर पाण्यात टाका: भरलेली मिरी बुडते, पोकळ दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात. लवंग नखाने दाबली की तेल यायला हवं. ती पाण्यात आडवी तरंगली तर तेल आधीच काढून घेतलेलं आहे. वेलदोडा फोडून पाहा, दाणे काळे आणि किंचित चिकट हवेत. हिरव्यागार सालीवर भाळू नका. दुकानदार ही परीक्षा करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

फार कमी दरात शहर फिरवतो म्हणणारे रिक्षावाले बहुधा कमिशनच्या दुकानांत नेतात. एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं भाडं ठरवा आणि वाटेत दुकान नको, हे आधीच सांगा.

इथून चेरलाईला जा, याचा आग्रह आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे वसली आणि त्यांच्या घरांत आजही कोकणी बोलतात. तिरुमल देवस्वम हे त्यांचं व्यंकटेशाचं देऊळ. पुरुषांनी सदरा काढून मुंडू किंवा धोतर नेसून आत जायचं, बायकांनी साडी किंवा पंजाबी ड्रेस. देऊळ दुपारी बंद होतं, म्हणून संध्याकाळी दिवेलागणीला पोचा. हिंदीत अडखळलात तर मालवणी किंवा गोव्याकडची बोली बोलून पाहा.

तिसरा दिवस असेल तर मेट्रोने त्रिपुनितुराला जाऊन हिल पॅलेस पाहा. आलप्पुळाच्या हाउसबोटीसाठी तो दिवस खर्च करू नका, कारण जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. तिथे वेगळा मुक्कामच हवा.