माहिती शाळेत ठेवून घरी यायला शिकले तेव्हा

2019 साली पवित्र पोर्टलच्या, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक (सुरुवातीची तीन वर्षं ठरावीक मानधनावरचा शिक्षक) म्हणून रुजू झाले. शाळा पाटण तालुक्यात डोंगरावरच्या एका वाडीत, बिऱ्हाड कराडला, पदरात दोन वर्षांची मुलगी. मानधन तेव्हा 6,000 रुपये होतं; 2023 पासून प्राथमिकला ते 16,000 झालंय. नव्याने रुजू होणारी मुलंमुली हल्ली फोन करतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, घर आणि शाळा दोन्ही जमतं का?" जमतं. पण ते कशाने बिघडतं हे आधी ओळखावं लागतं.

शिकवण्याने ते बिघडत नाही. आमची शाळा दोनशिक्षकी, माझ्याकडे पहिली-दुसरी, दोन्ही मिळून 19 मुलं. पहिलीला गजगे मोजायला बसवायचं, तोवर दुसरीची हातच्याची बेरीज घ्यायची, असा दिवस पळतो. त्याने पाय दुखतात, पण मन भरलेलं असतं. घरापर्यंत पाठलाग करते ती वरच्या कार्यालयांनी मागवलेली माहिती. संध्याकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "आजच्या आज सादर करावी." प्रवर्गनिहाय पट (कुठल्या जातप्रवर्गाची किती मुलं), आधार राहिलेली मुलं, तांदळाचा शिल्लक साठा, शौचालयाचा फोटो. मी एका हाताने कुकर लावत दुसऱ्या हाताने आकडे भरायचे. तिसऱ्या वर्षी एका रविवारी मुलगी घरात शाळा-शाळा खेळत होती. भिंतीशी बाहुल्या ओळीने बसवलेल्या, खांद्यावर माझी ओढणी पदरासारखी घेतलेली. मला वाटलं, आता पाढे म्हणायला लावेल. तिने टीव्हीचा रिमोट उचलला, त्यावर अंगठा फिरवत राहिली आणि बाहुल्यांना दटावलं, "गप बसा, बाईंना माहिती पाठवायचीय." खेळ संपेपर्यंत ती बाहुल्यांशी दुसरं काही बोललीच नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सोमवारी दोनशे पानी वही घेतली आणि जे जे पुन्हा पुन्हा मागतात ते सगळं तिच्यात उतरवलं. शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक), वर्गवार मुलं-मुली, प्रवर्ग, प्रत्येक मुलाची जन्मतारीख आणि आधारची स्थिती, शाळेचं बँक खातं, खोल्या, नळ, विजेचा मीटर क्रमांक, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची नावं. महिनाअखेरीला फक्त बदललेले आकडे दुरुस्त करायचे. मागवलेल्या माहितीतली बहुतेक जुनीच असते, नुसता तक्ता नवा असतो. पूर्वी ज्याला तास जायचा ते वहीमुळे दहा मिनिटांवर आलं. नव्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात एवढं एक काम केलं तरी पुढचं वर्ष सुसह्य होईल.

मग आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना भेटून सांगितलं, "साहेब, संध्याकाळी सातनंतर आलेली माहिती मी दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत पाठवीन, चुकणार नाही. अगदीच तातडीचं असेल तर फोन करा." घाबरत घाबरतच बोलले होते. ते म्हणाले, "वेळेत द्या म्हणजे झालं." अकराची वेळ मी कधी चुकवली नाही, म्हणून तो शब्द टिकला. पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते, रेंज पाण्याच्या टाकीपाशी मिळाली तर मिळते. अशा वेळी पोषण आहाराची नोंद कागदावर त्याच दिवशी करून ठेवायची, रेंज आली की भरायची. कागद मागे पडला की दोन्हीकडे गोंधळ.

वह्या आणि टाचणाचं, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीचं, ओझं घरी नेऊ नका. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याला 45 तास धरलेत आणि ते पूर्वतयारीसकट आहेत, हे पुष्कळ नव्या शिक्षकांना माहीतच नसतं. मी रोज पाच मुलांच्या वह्या त्यांना शेजारी बसवून तपासते. चूक तिथल्या तिथे कळते. साठ मुलांच्या वर्गात हे अवघड आहे, मान्य. तिथे निदान सगळ्या वह्या एकाच दिवशी गोळा करू नयेत.

काही कामं मात्र टळत नाहीत. त्याच कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांसाठी शिक्षकांना नेमता येतं. बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायचं, काम आलं की रविवारसुद्धा जातो. मी तो महिना घरच्यांना आधीच सांगून ठेवते. त्या महिन्यात पाहुणे नाहीत, लग्नकार्याला हजेरीपुरतं जायचं. सासूबाईंना पहिल्यांदा राग आला होता. मतदार यादीचा गठ्ठा घेऊन उन्हातून आलेली बघितली, तेव्हापासून त्याच सगळ्यांना सांगतात, "ती यंदा यायची नाही."

रजेबद्दल थोडं तळमळून सांगते. वर्षाला 12 किरकोळ रजा आहेत. नवे शिक्षक त्या घेतच नाहीत आणि वर्ष संपलं की त्या वाया जातात. दोनशिक्षकी शाळेत दोघांपैकी एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला हलता येत नाही, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी आणि माझे सहकारी सर कॅलेंडर समोर घेऊन बसतो. शिक्षण परिषद (केंद्रातल्या शिक्षकांची बैठक) कधी, त्यांच्या आईचा दवाखाना कधी, माझ्या मुलीची पालकसभा कधी, हे तेव्हाच ठरतं. महिला कर्मचाऱ्यांसाठी पूर्ण सेवेत 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती मागायला लाजू नका, पण अर्ज वेळेत द्या आणि सेवापुस्तकात नोंद झाली की नाही ते स्वतः डोळ्यांनी बघा.

मागच्या वर्षी मुलीच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक किरकोळ रजा टाकली. सरांनी त्या दिवशी चारही वर्ग एकत्र बसवले. दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवला, तर पहिलीतली पोरं दारातच अडवून विचारत होती, "बाई, तुमची ताई कशावर नाचली?" मग परिपाठ झाल्यावर त्यांना तो नाच करून दाखवावा लागला.